ढील

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. त्या मचव्यावर मी होतो, आणि सुरी माझ्याच हातात होती.

१९३६ चा चैत्र. कोर्टाला ईस्टरची सुट्टी होती. आम्ही तिघे बडनेऱ्याहून मुंबईच्या गाडीत बसलो आणि अलिबागजवळून भाड्याच्या मचव्याने समुद्रात गेलो. माझे काका उत्तमराव, अमरावतीचे नावाजलेले वकील. काकूचा भाऊ चंद्रभान. आणि मी, देवीदास.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

काकांना गळाचा भारी शौक. एका गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना त्यांना दोर गुंडाळायच्या चाकाची गळाची काठी दिली होती. सेमाडोहला नदीत तिच्यावर मासे धरून झाले, आता समुद्रातला हवा होता.

"मासा नुसता ओढाचा नसते," काका सांगायचे. "ढील द्याची, मंग ताणाचं. थकला का आपसूक येते."

चंद्रभान दर्यापूरकडचा शेतकरी, खारपाणपट्ट्यातला. तिकडे विहिरींनाही खारं पाणी. आमच्याकडे आला की आधी आमच्या विहिरीचं दोन तांबे पाणी प्यायचा, मग बोलायचा. भला माणूस होता.

चाक कर्रर्र वाजलं...

मासा मोठा होता. काकांना एकट्याने आवरेना. चंद्रभानने पूर्णा नदीवर करायचा तेच केलं. दोर धरला आणि मनगटाला दोन वेढे दिले.

"हाताला गुंडाळू नका!" सुकाणूवरून मचव्याचा तांडेल ओरडला.

एका हिसक्यात चंद्रभान पाण्यात.

"दोर तोडा, भाऊजी!" त्याने पाण्यातून हाक मारली.

मी सुरी उचलली.

"खबरदार!" काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोहणारा हाय तो. मासा थकू दे."

मी थांबलो.

काकांच्या घरी राहून मी वकिली शिकत होतो, म्हणून थांबलो. दुसरं कारण नाही.

चंद्रभान दोनदा वर आला. दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यात पाणी गेलं. तांडेल सुकाणू सोडून धावत आला, तोवर पाण्यावर कोणीच नव्हतं.

तासाभराने मासा वर आला.

त्याच दोराला चंद्रभानही होता.

काकांनी किनाऱ्यावर त्या माशाबरोबर फोटो काढून घेतला. काकूला सांगितलं, पाय घसरला. मी मान हलवली.

पुढच्या चैत्रात एका दुपारी काकांनी जेवताना पाण्याचा घोट थुंकला.

"खारं पाणी काहून भरलं वो?"

काकू प्यायली. मी प्यायलो. पाणी नेहमीसारखंच गोड होतं.

दुसऱ्या विहिरीचं आणलं. खारट. दूध, ताक, उसाचा रस... सगळं खारट. चौथ्या दिवशी काकांचे ओठ फुटले.

पाचव्या दिवशी पाणी एकाएकी गोड लागलं. काका लहान मुलासारखे हसले. घटाघटा अर्धा पेला प्यायले...

आणि पुढचा घोट थुंकला.

भिंतीवर फोटोखाली काठी टांगलेली होती. तिचं चाक हळूच वाजलं... कर्रर्र.

कोणीही हात लावला नव्हता.

काकांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांना कळलं होतं.

"देवीदास... तो मले ढील देऊन राहिला."

डॉक्टर घसा तपासून गेले. त्यांना काहीच सापडलं नाही. अकराव्या दिवशी, भरलेल्या माठाशेजारी, काका तहानेने गेले.

त्यांच्या मनगटावर दोराचे वळ उमटले होते. दोन वेढे.

काकू ते वळ चोळत बसली होती. "हे कायचं वो माय, हे कायचं?" असं सारखं विचारत होती. मला माहीत होतं. तेव्हाही मी तिला सांगितलं नाही.

काठी मी सिपना नदीत फेकून आलो. आठ वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, मी सुटलो.

परवा चहा खारट लागला. बायको म्हणाली, साखर बरोबर आहे. काल दिवसभर पाणी तोंडात धरवेना.

आज सकाळी मात्र गोड लागलं. अगदी आमच्या विहिरीसारखं. अर्धा पेला मी एका दमात प्यायलो.

उरलेला अर्धा समोर ठेवलाय. घसा कोरडा पडलाय, पण तो उचलायची माझी छाती होत नाही.