चावलेला घास

म्हातारा श्यू चिन-माओ खाटेवर मरून पडला होता. घशात चिकट भाताचा गोळा अडकलेला, ओठांवर शेंगदाण्याचं कूट.

"हिनंच भरवलंय!" मुलगा युंग-चेह ओरडला. बोट सुलास्त्रीकडे. इंडोनेशियाहून आलेली ही बाई म्हाताऱ्याची शुश्रूषा करायची. "अर्धांगवायूनंतर बाबांना गिळता येत नव्हतं. नाकातल्या नळीनं जेवण द्यायचो. हिला सगळं ठाऊक होतं."

"मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, बाईसाहेब," सुलास्त्री रडत म्हणाली.

इन्स्पेक्टर जियान शू-ल्याननं वाकून म्हाताऱ्याचा ओठ उचलला. बोळकं. एकही दात नाही. डॉक्टरनं चिमट्यानं काढलेला गोळा मात्र चांगला बारीक चावलेला होता.

"हा तपासायला पाठवा," ती म्हणाली. "ज्यानं चावला, त्याची लाळ यात असणार."

अहवाल घेऊन जियान तैवानमधल्या लुकांग गावच्या त्या अरुंद गल्लीत परत आली, तेव्हा शवपेटी अजून घरातच होती. शेजारी म्हाताऱ्याची बायको अ-ग्योक मृतासाठी जाळायच्या सोनेरी कागदांच्या घड्या घालत होती.

"गोळ्यात दोघांची लाळ सापडली," जियान म्हणाली. " एक मेलेल्याची. दुसरी एका पुरुषाची. म्हणजे सुलास्त्री सुटली."

"मग काय, आता माझ्यावर ढकलताय?" युंग-चेह उसळला.

"त्या पुरुषाचं मेलेल्याशी रक्ताचं काहीही नातं नाही."

युंग-चेहचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मान वळवून आईकडे पाहिलं. आईचे हात थांबले.

जियाननं हवालदाराला खूण केली. "यांच्या गालातला नमुना घ्या."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नातं नाही, असं आत्ताच म्हणालात ना?"

"म्हणाले. निर्दोष मुलगा ते ऐकून सुटकेचा श्वास टाकतो. तुम्ही आईकडे पाहिलंत. ती लाळ कुणाची हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यालाच त्या वाक्यानं हादरा बसणार होता. सुलास्त्री गच्चीवर गेली. तुम्ही गोळा चावलात आणि त्यांच्या घशात बोटांनी कोंबलात. पण चावलात कशाला?"

युंग-चेहनं शवपेटीकडे बोट केलं.

"तो असंच करायचा. तोंडातला चोथा माझ्या वाडग्यात थुंकायचा. गिळल्याशिवाय उठू द्यायचा नाही. शेजारीपाजारी हसायचे. मला वाटायचं, सख्खा बाप असं का करतो?" तो आईकडे वळला. "त्याला माहीत होतं?"

"तू जन्मलास तेव्हापासून," अ-ग्योक म्हणाली.

"आणि तू नुसती बघत बसायचीस?"

"तू गिळायचास, म्हणून आपल्या डोक्यावर छप्पर होतं."

नमुना जुळला. अंत्ययात्रेत म्हाताऱ्याची तसबीर धरायचा मान मुलाचा. अ-ग्योकनं पुतण्याला बोलावून घेतलं. मुलाबद्दल कुणी विचारलं की ती म्हणायची, "आम्हाला मूलबाळ नव्हतं."