मेपलखाली ठेवलेला कोट

ही गोष्ट खरी आहे. मला नीट सांगता येत नाही. खोटी वाटली, तर दोष माझ्या सांगण्याचा.

विस्कॉन्सिन नदीकाठचं रान. ना रस्ता, ना पाटी. खडीवर गाडी ठेवायची आणि आत चालत जायचं. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला, त्या शनिवारी लेलंड आत गेला, तो परतलाच नाही.

लेलंड हा माझा मेहुणा व्हर्नन याचा धाकटा भाऊ.

शोधपथकाने रान पालथं घातलं. बुटांचे शेवटचे ठसे मेपलच्या एका वठलेल्या झाडापाशी होते.

पुढे काहीच नाही...

नदी गोठू लागली, तसं पथक परत गेलं. व्हर्नन थांबेना.

आमच्याकडे शिकारी कुत्रा हरवला, की मालक अंगातला कोट रानातच ठेवून येतो. कुत्रा वासावर येतो आणि सकाळी कोटावर झोपलेला सापडतो.

संध्याकाळी व्हर्ननने आपला कोट काढून मेपलखाली अंथरला.

“तो कुत्रा नाही, व्हर्न,” माझी बहीण मार्लिस त्याला म्हणाली.

“ठाऊक आहे. कुत्रा माझं ऐकायचा तरी.”

“गारठून मरशील. माझा कोट मी देणार नाही हं.”

“नकोच. त्याला कांद्याचा वास येतो.”

ती हसली. हसता हसता रडायला लागली.

उजाडताच दोघं परत आली. गवतावर पांढरं हिम साचलं होतं.

कोटावर नव्हतं...

व्हर्ननने हात लावला. कोट उबदार होता. मध्ये खळगा, कुणी पाय पोटाशी घेऊन निजल्यासारखा.

भोवतीच्या हिमावर एकही पाऊल नव्हतं.

घसा बसेपर्यंत त्याने लेलंडला हाका मारल्या. मग रोज संध्याकाळी कोट ठेवायचा. रोज सकाळी तो उबदार.

“जिवंत आहे तो,” व्हर्नन म्हणायचा.

“मग समोर का येत नाही?”

“माझा कोट न विचारता घेतलाय ना. लहानपणापासूनची खोड.”

मग खालच्या धरणावरून फोन आला. लेलंड सापडला होता. डॉक्टर म्हणाले, बुडाला तो पहिल्याच दिवशी.

व्हर्ननने कोट घरी आणला आणि दाराबाहेर खुंटीला लावला.

सकाळी तो उंबऱ्यावर अंथरलेला होता...

मध्ये खळगा.

“जाळून टाक तो,” मार्लिस म्हणाली.

“कोटापाशी जो थांबतो, तो कोटवाल्याची वाट बघत असतो. कोट जाळला, तर बिछान्याशी येईल.”

म्हणून व्हर्नन अजूनही संध्याकाळी कोट घेऊन रानात जातो. परवा मीही गेलो होतो. त्याने मेपलखाली कोट पसरला, सुरकुत्या काढल्या, आणि आम्ही निघालो.

मी मागे वळून पाहिलं. पाहायला नको होतं.

कोट मधोमध हळूहळू दबत होता...