बकेट कुणी उतरवली?

“माझ्या नवऱ्यानं ते केलं नाय, ताई. पन आता तोच म्हनतोय, मीच केलं असंल.”

पेणच्या रामवाडीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत हौसा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. समोर मृणाली, खासगी तपासाची कामं करणारी. शेजारी तिचा सहकारी प्रणित, वही उघडून.

हौसा आणि तिचा नवरा विठू रोह्याकडचे, भातशेतीच्या गावचे. विठू जिते गावापलीकडे खाडीकाठच्या मिठागरावर ट्रॅक्टर चालवायचा. चार दिवसांपूर्वी मिठाच्या कोठारावर पत्रे बसवायचे होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोडरची, माती उचलायची लोखंडी बकेट बारा फूट वर नेली आणि तिच्यात निलेश नावाच्या कामगाराला उभं केलं. भर दुपारी बकेट अचानक खाली गेली. निलेश क्षणभर पत्र्याला लटकला आणि पडला. पाय मोडला.

“विठू कुठे होता?”

“निलेशदादानं वरून बोल्ट मागितले, म्हनून खाली उतरला व्हता. इंजिन बंद, किल्ली खिशात. लोक म्हनतात, किल्ली तुझ्याकडं म्हंजे बकेट तूच उतरवलीस. उद्या गावकी बसनार हाय. तिथं त्याचीच चूक ठरली, की खाडीकाठी कुनी त्याला स्टेअरिंगवर बसू देनार नाय.” हौसाचा आवाज बारीक झाला. “दुसरं त्याला काय येतच नाय, ताई.”

“पण किल्ली त्याच्याचकडे होती ना?” प्रणित म्हणाला. “मग अजून कोण?”

मृणालीने पर्स उचलली.

मिठागरावर ऊन पांढरं झालं होतं. मिठाचे ढीग ओळीने बसलेल्या बगळ्यांसारखे, आणि मधल्या बांधावरून वारा गुणगुणत येत होता. कोठारापाशी ट्रॅक्टर उभा होता, बकेट भुईला टेकलेली.

मालक सुशील छत्री घेऊन आला. “बघा काय बघायचं ते. पण ड्रायव्हरचीच चूक आहे.”

“पत्रे बसवायला शिडी का नाही लावली?”

“शिडी नाचते हो. परांची बांधायला दीड दिवस जातो. सगळेच बकेटमधून माणूस चढवतात, मी काय जगावेगळं केलं?”

प्रणित लोडरखाली वाकला. “तेलाची नळी फुटली असेल!”

“फुटली असती तर खाली तेलाचं तळं असतं. माती बघ, कोरडी ठाक.” मृणाली सीटच्या उजव्या बाजूला गेली होती. तिथे लोडरचा उभा दांडा होता. मागे ओढला की बकेट वर, पुढे ढकलला की खाली. दांड्यावर काळं ग्रीस साचलं होतं. फक्त मुठीखाली दोन बोटं रुंदीचा पट्टा पुसून काढल्यासारखा स्वच्छ होता.

तिने बोटाने दांडा हलवला. सैल होता. पुढे नेला तर खाचेत जाऊन तिथेच बसला.

दुसरा भेटला हितेश. कोठारामागून पत्रे आणून देण्याचं काम त्याच्याकडे होतं.

“किंकाळी ऐकून मी धावलो. माझ्याआधी फकस्त निलेशची आय पोचलेली. सीट रिकामी, दांडा पुढं पडलेला. विठू तिकडं बोल्टच्या खोक्यापाशी. उडी मारून पळाला असंल.”

“इंजिनाचा आवाज येत होता?”

हितेशने डोकं खाजवलं. “नाय. आवाज काय नव्हता.”

“आता ट्रॅक्टर कोण चालवतं?”

“मीच. का?”

प्रणितने वहीत हितेशच्या नावाखाली दोन रेघा मारल्या.

निलेश घरी खाटेवर होता, पाय प्लास्टरमध्ये. बोलायला हसरा. “ताई, पत्रा धरलाच नसता तं बकेटीसंगं खाली आलो असतो. पन हात काय ऐकतात?”

“पडायच्या आधी काय ऐकलंत?”

“आयची हाक. ‘निल्या, जेवाला ये!’ मी व्हय म्हनलो, आन् पायाखालची बकेट गेली. डोळे उघडले तं आय तोंडावर पानी मारत व्हती.”

ती आई, गोदूबाई, चहा घेऊन आली. साठीची, काटक. “त्या विठूचं नाव नका काढू माझ्या घरात! लेकाचा पाय मोडला मेल्यानं. हात झडतील त्याचे!”

मृणाली चहा पीत घर बघत होती. टोपली खुंटीला, भाताचं भांडं शिंक्यात, चपलासुद्धा दाराच्या खिळ्याला.

“सगळं टांगून ठेवता, मावशी?”

“खाजनातली मानसं आमी. भुईला ठेवलं तं मुंग्या, चिंबोऱ्या, नायतर खारं पानी. भाकर हाय का चप्पल, वरच टांगायची. माझ्या आयनं शिकवलं, मी सुनांना शिकवते.”

अंगणात दोरीवर एक फडकं वाळत होतं. त्याच्या गाठीपाशी काळी तेलकट रेघ.

“धुऊन धुऊन हात गेले गो,” गोदूबाई म्हणाली. “डाग काय जात नाय.”

बाहेर पडल्यावर मृणालीने हौसाला फोन करून एकच विचारलं. “विठू जेवणाचा डबा कुठे ठेवतो?”

“आमच्याकडं ठेवतात तिथंच. झाडाखाली, बांधावर.”

संध्याकाळी पाचला सगळे ट्रॅक्टरपाशी जमले, हौसा आणि गोदूबाईसुद्धा. विठू मान खाली घालून उभा होता. मृणालीच्या सांगण्यावरून त्याने रिकामी बकेट बारा फूट वर नेली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरला. तिने सगळ्यांना वीस पावलं मागे नेलं.

“हितेशने केलं,” प्रणित तिच्या कानाशी कुजबुजला. “नोकरी त्यालाच मिळाली.”

“हितेशने ढकलला असता तर दांडा पुढे होता असं त्याने आपणहून सांगितलं नसतं.”

तिने एका फडक्यात भाकरी, कालवणाचा डबा आणि पाण्याची भरलेली बाटली बांधली. गाठोडं लांब बांबूच्या टोकाला अडकवून दुरूनच दांड्याच्या मुठीवर टांगलं.

दांडा पुढे कलला. खाचेत बसला. इंजिनाचा आवाजही नाही, आणि बकेट फुस्स करीत खाली येऊन धाडकन आदळली.

विठूने खिशातली किल्ली चाचपली.

“किल्ली इंजिनाची,” मृणाली म्हणाली. “बकेट वर न्यायला इंजिन लागतं. खाली यायला तिचं स्वतःचं वजन पुरतं, फक्त दांडा पुढे जायला हवा. हितेशला आवाज आला नाही, म्हणजे विठू खरं बोलत होता. सीट रिकामी होती, तरी दांडा पुढे. कुणाच्या हाताने ग्रीसमध्ये पट्टा उमटत नाही, अख्खी मूठ पुसली जाते. पट्टा कापडाच्या गाठीचा. जेवणाची वेळ. आईची हाक. आणि तोंडावर मारायला लगेच हाताशी आलेलं पाणी. ते गाठोड्यातलंच. घाईत गाठोडं काढलं, तरी दांडा खाचेतच राहिला. विठूने टांगलं म्हणाल, तर त्याच्या गावी डबा बांधावर ठेवतात. टांगतात ते इथले.”

गोदूबाई खाली बसली. “मी... भुईला कशी ठेवनार व्हते गो?”

“नाही ठेवणार, मावशी. जन्मभर बरोबर केलंत तेच केलंत. खुंटी समजून टांगलंत, त्या दांड्याचं काम तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.” मृणाली सुशीलकडे वळली. “बकेट माती उचलायला असते. तिला ना कठडा, ना आधार. एका गाठोड्याने माणूस पडतो, तिथे माणूस उभा करायचाच नाही. आणि विठू, माणूस वर असताना तूही सीट सोडलीस. तेवढं तुझं.”

“तेवढं माझं,” विठू म्हणाला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याने मान वर केली.

सुशीलने छत्री मिटली. “उद्या परांचीवाला बोलावतो. हितेश, तू पत्र्यांवर. ट्रॅक्टर विठूचा.”

“आणि गावकीत,” मृणाली हळूच म्हणाली, “दांडा सैल होता, एवढंच सांगितलं तरी पुरे. मावशींचं नाव नको.”

“का नको?” गोदूबाई उठली, लुगडं झटकलं. “चार दिवस घरोघर जाऊन शिव्या दिल्या याला. आता त्याच घरांत त्याच तोंडानं सांगून येते. उद्याची वाट कशाला बघू?” ती विठूसमोर थांबली. हात उचलला, काही सुचेना, शेवटी त्याच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. “लेकरा, शिव्या जोरात दिल्या रे मी.”

“ऐकू आल्या,” विठू म्हणाला, आणि हौसा पदराआड हसली.

गोदूबाई बांधावरून निघाली. गाव कोसभर, ऊन कललं तरी अजून तापत होतं.

“आये, थांब!” विठू मागून धावला.

“टॅक्टरवर बसवतोस काय रे? मडगार्डावर?”

“मानूस नाय बसवत आता त्याच्यावर कुठंच,” विठू म्हणाला. “चालत येतो तुझ्यासंगं.”

मिठाच्या दोन ढिगांमधून ती दोघं निघाली, एक भराभर, एक तिच्या पावलाला पाऊल लावून. पहिल्या घराशी पोचण्याआधीच तिचा आवाज वाऱ्यावरून पुढे गेला, “अगो, बाहेर या गो, चूक माझी व्हती!”