पाळण्यातला थोरला

मला इंदूरच्या गिरणीत नोकरी लागली आणि आमच्या घरात सामानावरून भांडण सुरू झालं. दौंड, मनमाड, खंडवा असं गाड्या बदलत जायचं, त्यात कडेवर तान्हं पोर. मी साफ सांगून टाकलं, नवा स्टोव्ह येईल, तांब्याचा बंब येईल; जातं आणि पाटा-वरवंटा इथंच राहील. इंदुरात काय दगडांचा दुष्काळ पडलाय?

माझी बायको वच्छला म्हणाली, "बंब नको, स्टोव्ह नको. वरवंटा तेवढा घ्या."

उन्हानं हिचं डोकं फिरलं, असंच मला वाटलं. चैत्र चालू होता, साखर पेठेतली आमची पत्र्याची खोली नुसती भाजून निघायची आणि शेजारच्या हातमागांचा खटखटाट दिवसभर कानात. पण डोकं तिचं ठिकाणावर होतं.

बारशाला वरवंटा दुपट्यात गुंडाळून आधी पाळण्यात ठेवतात, पोर दगडासारखं टणक व्हावं म्हणून. मग तो काढून परत पाट्यावर ठेवतात. आमच्याकडे काढायचा राहिला. आमची आधीची पोरं जगली नव्हती. हा ज्ञानू मात्र वरवंट्याला पाय टेकवून शांत झोपला, म्हणून वच्छलानं तो तसाच राहू दिला. तेव्हापासून ती मिरची-लसूण वाटायला घरमालकीण गोजाबाईंकडे जायची. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

निघायच्या दिवशी दुपारी मीच तो पाळण्यातून उचलला. दुपटं ओलं होतं. ज्ञानूचंच काम, म्हणून मी हात पुसले. मग आठवलं, पोरगं सकाळपासून आईच्या मांडीवर होतं. वरवंट्याला मिरचीचा वास यायला हवा होता, तर येत होता दुधाचा. मला हे मुळीच आवडलं नाही. मी तो दुपट्यासकट तसाच नेऊन गोजाबाईंच्या हातात दिला.

"न्या की दादा," त्या म्हणाल्या. "पाळण्यात आदी ह्यो निजला, मग तुमचा. ह्यो थोरला हाय."

"अहो बाई, दगड आहे तो!"

"व्हय, दगडच हाय." असं म्हणून त्यांनी तो खांद्यावर घेतला आणि त्याला थोपटू लागल्या.

टांगा निघाला. वच्छला रडली नाही, भांडली नाही. स्टेशन जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "हा जड झालाय हो."

मी ज्ञानूचे पाय चाचपले. एवढ्या उन्हात ते गार पडले होते. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही.

"डॉक्टरकडे जाऊ," मी म्हणालो.

"त्याला घेऊन या," ती म्हणाली. "आधी त्याला घेऊन या, पाया पडते तुमच्या."

तिला फलाटावर ट्रंकेवर बसवून मी त्याच टांग्यानं परत फिरलो. हे पोर गेलं तर ही बाई जगणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

गोजाबाई गाठोडं खांद्यावर घेऊन दारातच उभ्या होत्या.

"आलासा? लई रडला की."

"कोण?"

त्यांनी गाठोडं माझ्याकडे दिलं. हलकं होतं. फार हलकं.

मी ते उघडलं नाही. वाटेत माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागत होता. टांगेवाल्यानं एकदा वळून पाहिलं आणि नंतर वळलाच नाही.

वच्छलानं गाठोडं ओढून घेतलं आणि दुपटं सोडलं. आत ज्ञानू होता. लालबुंद, भुकेला, हातपाय झाडणारा माझा ज्ञानू. मला रडूच कोसळलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं.

मग मी तिच्या मांडीवर पाहिलं. तिथं ज्ञानूचंच टोपडं होतं. टोपड्याखाली काळा, गुळगुळीत वरवंटा, आणि त्याला तीट लावलेली.

"हा इथंच ठेवू," मी कसाबसा म्हणालो.

"एवढ्या लांब जायचं, आणि ह्याला एकट्याला ठेवू?"

गाडी आली. डब्यात तिला कोपऱ्याची जागा मिळाली. तिनं मांडीवरचा टोपड्यातला वरवंटाही हळूच उचलून पदराखाली घेतलं आणि डोळे मिटले. मी समोर बसलो होतो. गाडी सुटायला वेळ होता, डबा अजून रिकामा होता, आणि पदराआडून दूध पिण्याचा आवाज येत होता. दोघांचा.