वासाचा रकाना

भानुदास गव्हाणे यांनी एका बीअरला दहापैकी दहा गुण दिले, तेव्हा डॉ. सुमेधा सोनटक्के हिला भीती वाटायला हवी होती. प्रत्यक्षात तिला वाटलं, काका चष्मा घरात विसरले असतील.

गव्हाणे काकांनी वाळूजच्या एका बीअर कारखान्यात चव-तपासनीस म्हणून एकतीस वर्षं काढली होती. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, थुंकायचा आणि कागदावर खोट लिहायची, या कामाचा त्यांना पगार मिळायचा. एकतीस वर्षांत कुठल्याही बीअरला त्यांनी सहाच्या वर गुण दिले नव्हते. स्वतःच्या लग्नातल्या जेवणाला साडेपाच दिले होते आणि काकू ते अजून विसरल्या नव्हत्या.

साल २०४३. घरगुती किण्वनाला परवाने मिळू लागल्यावर छत्रपती संभाजीनगरात काकांनी ‘खोट मंडळ’ काढलं, त्याला सात वर्षं झाली होती. सभासद बारा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता प्रत्येकाने आपली बीअर घेऊन काकांच्या गॅरेजमध्ये यायचं आणि इतरांच्या बीअरमधल्या खोटी काढायच्या. उकडलेल्या मक्याचा वास, ओला पुठ्ठा, नेलपॉलिश, खवट लोणी. स्तुती करणाऱ्याला काका बाहेर काढत. गंमत म्हणजे सभासद पोटापाण्यासाठीही तेच करायचे. रेणुका तौर दातांची डॉक्टर होती. संदीपान मगर पूल तपासायचा. एक जण लिफ्ट तपासायचा, एक जण आयकर. सुमेधा स्वतः सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ.

कोणी कोणाची भीड ठेवू नये म्हणून बाटल्यांवर नावांऐवजी नुसते आकडे असत. गुणपत्रिकेत पहिला रकाना वासाचा. तो भरल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. “आधी नाक, मग जीभ,” काका दटावत. शेवटी जिंकलेल्या बाटलीचा गाळ, म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट, बारा जणांत वाटला जाई आणि पुढच्या महिन्याची बीअर सगळ्यांनी त्यातूनच करायची. हरलेल्या अकरा जणांचा गाळ सर्वांसमक्ष गटारात. या शेवटच्या विधीत काकांना विशेष रस होता.

कावीळ झाल्यामुळे सुमेधाचे तीन रविवार बुडाले होते. डॉक्टरांनी सहा महिने दारूचा थेंब घेऊ नका असं बजावलं होतं, म्हणून ती या खेपेला फक्त वासाचा रकाना भरायला आली होती. तिच्या वाट्याची बाटली काकांनीच करून ठेवली होती.

“काका, सात नंबरला दहा?”

“दहाच्या वर जागा नाही ना कागदावर,” काका खिन्नपणे म्हणाले.

“मला पुठ्ठ्याचा वास आला,” रेणुका म्हणाली.

“चला, कोणीतरी जागं आहे.”

“पण काय सुंदर पुठ्ठा होता गं!”

सुमेधाने गुणपत्रिका चाळल्या. बारा जणांनी आपापली बाटली सोडून बाकीच्या अकरांना मिळून एकशे एकतीस दहा दिले होते. उरलेला एक नऊ तिचा स्वतःचा होता. बाकी सगळीकडे तिनेही दहाच लिहिले होते, कारण वास खरोखरच चांगला होता.

तेवढ्यात संदीपानने फोन पुढे केला. “ताई, हे बघा. पळसखेडीचा पूल पास केला. तीन आठवड्यांनी उघडतोय.”

फोटोत चार नंबरचा खांब होता. त्यावर उभी भेग. भेग किती रुंद आहे ते कळावं म्हणून त्याने पाच रुपयांचं नाणं तीत उभं खोचलं होतं. ते अर्धं आत गेलं होतं.

“संदीपान, याच भेगेपायी तू दोन वर्षांपूर्वी पूल बंद करायला लावलास ना?”

“हो. तेव्हा मी फार कडक होतो.”

“तेव्हा किती होती?”

“नाण्याची कडसुद्धा जात नव्हती.”

“मग बुजवली का नाही?”

“रंग दिलाय ना.”

“भेगेवर?”

“बाजूने. भेग तशी देखणी आहे, ताई.”

सुमेधाला आता भीती वाटली. थोडी उशिरा, पण व्यवस्थित वाटली. गटाराकडे निघालेल्या अकरा बाटल्या आणि जिंकलेली बारावी अशा सगळ्यांचा थोडाथोडा गाळ तिने पिशवीत घातला. अशी चोरी करताना मंडळातल्या कोणीही पूर्वी तिचा हात धरला असता. आज रेणुकाने पिशवी धरायला मदत केली.

सोमवारी तिने पूल-खात्याच्या कार्यालयात फोन लावला.

“बाई, आमचा माणूस बीअर पिऊन पूल तपासायला गेला होता, असं म्हणायचंय का तुम्हाला?” पलीकडच्या माणसाने विचारलं.

“नाही. तो पूर्ण शुद्धीत होता.”

“मग तक्रार काय आहे?”

“त्याला चुका दिसेनाशा झाल्यात.”

“तसे आमच्याकडे बरेच आहेत,” तो सहानुभूतीने म्हणाला. “लेखी पुरावा आणा. उद्घाटनाला मुख्य अभियंता येणारेत, थेट त्यांच्याच हातात द्या.”

पुरावा जमवायला वीस दिवस होते. सुमेधाने रजा टाकली आणि प्रयोगशाळेत मुक्काम ठोकला. प्रयोगशाळेतला नळ टपटपायचा. त्याबद्दल चार वर्षांत तिने सतरा अर्ज केले होते. त्या टपटपीत दात-ओठ खात तिने बारा किण्वनपात्रं लावली. रेणुवाचक यंत्र प्रत्येक बीअरमधला रेणू न् रेणू मोजून देई, पण कुठली बाटली आधी मोजायची हे ठरवायला तिने काकांनी शिकवलेली पद्धत वापरली. झाकण उघडायचं, बाटली नाकाखाली धरायची, दीर्घ श्वास घ्यायचा.

नवव्या दिवशी तिला तो सापडला. नेहमीच्या यीस्टमध्ये नसलेला एक लहानसा रेणू बाराही पात्रांत होता. तिने त्याचं नाव ठेवलं ‘अदोषक’. मेंदूत एक लहान केंद्र असतं. काहीतरी चुकलंय अशी जी टोचणी आपल्याला लागते, ती तिथून येते. अदोषक नेमका तिथे जाऊन बसत होता. बाकी मेंदू ठणठणीत राही. माणूस हिशेब करी, गाडी चालवी, पूल मोजी. फक्त टोचणी बंद.

तिने काकांना बोलावून घेतलं. यीस्टबद्दल त्यांच्याइतकं कळणारा माणूस शहरात दुसरा नव्हता.

“हा रेणू आला कुठून, काका? मी तर कुठला जनुक बदलला नाही, कोणीच नाही.”

“बदलायला कशाला पाहिजे?” काका खुर्चीत मागे रेलले. “यीस्ट दर पिढीत आपलं आपण थोडं बदलतं. बारा घरांत बारा तऱ्हा होतात. त्यांतली एक आपण ठेवतो, अकरा मारतो. सात वर्षं, चौऱ्याऐंशी महिने. गाईंची जात सुधारतात तसंच.”

“पण आपण चांगली बीअर निवडत होतो.”

“छे. आपण चांगले गुण निवडत होतो.”

सुमेधाने हातातली बाटली खाली ठेवली.

“गुण मिळवायचे दोन रस्ते असतात, बाळा,” काका समजावू लागले. “एक म्हणजे बीअर चांगली करायची. ते फार अवघड, मला कारखान्यात एकतीस वर्षांत जमलं नाही. दुसरा म्हणजे तपासणारा मऊ करायचा. कधीतरी एखाद्या बाटलीत या रेणूचा थेंबभर अंश झाला असेल. तिला अर्धा गुण जास्त पडला. ती वाचली, बाकीच्या गटारात. पुढल्या महिन्यात तिच्या बारा लेकी. ज्या लेकीत जास्त, ती वाचली.”

“आपण नावं झाकली, म्हणजे माणसांनी एकमेकांची खुशामत करू नये...”

“आणि खुशामत करायला उरलं फक्त यीस्ट. अगदी बरोबर.” काकांनी समाधानाने मान डोलावली. “म्हणजे आपण यीस्ट पाळत होतो असं नाही. यीस्टने बारा तपासनीस पाळले आणि चाबकाशिवाय वळण लावलं. छान झालंय. यात कुठे नाव ठेवायला जागा नाही.”

“काका! तो पूल पडेल!”

“पडेल की.”

“माणसं मरतील!”

“मरतील,” काका म्हणाले. त्यांनी क्षणभर कपाळावर आठी आणायचा प्रयत्न केला. आठी अर्ध्यावर आली, थांबली आणि विरून गेली. “तुझ्या म्हणण्यात चूक काहीच नाही, सुमेधा. ते मला पटतंय. पण ते पटल्यावर पुढे जे व्हायचं असतं ना, ते होत नाही बघ.”

एकतीस वर्षं खोटी काढलेल्या त्या शांत, गुळगुळीत चेहऱ्याकडे तिला बघवेना. काका जाताना म्हणाले, “तुझा नळ छान वाजतो.”

त्यानंतर तिने दिवस मोजून काम केलं. बाराही पात्रं रोज उघडायची, हुंगायची, नमुना घ्यायचा. दहाव्या दिवशी तिने पूल-खात्याला पुन्हा फोन करून सक्त शब्दांत सांगितलं की पूल उघडाल तर खबरदार. तेराव्या दिवशीचा फोन बराच सौम्य झाला. पंधराव्या दिवशी तिने फोन केला आणि पलीकडच्या माणसाच्या मुलीच्या बारशाबद्दल वीस मिनिटं गप्पा मारल्या. त्याच दिवशी तिला वाटलं की नळाच्या थेंबांना एक ताल आहे. अठरावा अर्ज लिहायला घेतला होता, तो तिने चुरगाळून टाकला.

शुक्रवारी अहवाल तयार झाला. चाळीस पानी, आलेखांसकट. सवयीप्रमाणे तिने लाल पेन घेऊन तो चुकांसाठी वाचला. एकही चूक निघाली नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. एकोणतिसाव्या पानावर तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं: ‘अदोषक खोलीच्या तापमानाला वाफ होऊन उडतो. मंडळाच्या गुणपत्रिकेत वासाचे गुण घोट घेण्याआधी दिले जात असल्याने, नाकावाटे काम करणाऱ्या रेणूचीच निवड होणे अटळ होते. परिणामासाठी बीअर पिण्याची गरज नाही.’

परिच्छेद तिला आवडला. वाक्यरचना सुटसुटीत होती. काळजी करण्यासारखं त्यात तिला काही आढळलं नाही.

रविवारी सकाळी पळसखेडीच्या पुलावर झेंडूच्या माळा लावल्या होत्या. दोन वर्षं लांबच्या वाटेने जाणारा ऊस आज पहिल्यांदा सरळ जाणार होता. पुलाच्या तोंडाशी बावीस ट्रॅक्टर उभे होते, प्रत्येकामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि उसावर चढून बसलेली माणसं. मागे वऱ्हाडाच्या दोन बस होत्या. खोट मंडळ पूर्ण हजर होतं. रेणुकाने चार महिन्यांत कोणाचाच दात किडलेला न दिसल्याचं आनंदाने सांगितलं.

मुख्य अभियंता मात्र काठाशी उभे राहून चार नंबरच्या खांबाकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर चांगली ठसठशीत आठी होती.

“मगर, ती भेग आहे की सावली?”

“भेग आहे साहेब,” संदीपान अभिमानाने म्हणाला.

“काय बोलताय तुम्ही? आणि हा पूल पास कोणी केला? थांबवा ते ट्रॅक्टर! मी स्वतः खाली जाऊन बघतो.”

सुमेधाच्या पिशवीत अहवाल होता. तो याच माणसाच्या हातात द्यायचा होता, याच क्षणी, हे तिला स्पष्ट आठवत होतं. तिने पिशवीत हातही घातला. मग तिच्या मनात आलं, साहेब आधीच वैतागलेले आहेत, त्यात चाळीस पानं कशाला.

गव्हाणे काका पुढे झाले. पाहुण्यांना वाटायला त्यांनी गाळाच्या छोट्या बाटल्यांचा अख्खा खोका आणला होता. “उन्हात आलात साहेब. ही आमच्या मंडळाची भेट.”

“मी ड्यूटीवर पीत नाही.”

“प्यायचं कोण म्हणतंय? नुसता वास घ्या. आधी नाक, मग जीभ.”

साहेबांनी कटकट मिटावी म्हणून झाकण उघडून बाटली नाकाशी नेली. एकदा. मग पुन्हा एकदा. आठी उतरली, जशी इस्त्री फिरल्यावर चुणी उतरते. त्यांनी खांबाकडे नव्याने पाहिलं.

“रंग चांगला दिलाय,” ते म्हणाले. “चला, उरकून घ्या.”

संदीपानने हिरवा झेंडा उचलला. सुमेधाला एवढ्यात आठवलं की तिला खांबाजवळ जाऊन काहीतरी बघायचं होतं. ती पायऱ्या उतरून खाली गेली. वरून भेग बारीक वाटत होती. जवळून तीत बोटं गेली असती. तिने पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि संदीपानसारखं उभं धरून भेगेत सरकवलं.

नाणं अर्ध्यावर थांबलं नाही. सबंध आत गेलं. ती कान देऊन उभी राहिली, पण ते पडल्याचा आवाज आला नाही.

“काय म्हणतोय खांब, ताई?” वरून संदीपानने हाक मारली.

“मस्त बसलं नाणं!” ती ओरडून म्हणाली.

वर पहिला ट्रॅक्टर सुरू झाला. खांबावरून सिमेंटची बारीक पूड तिच्या केसांवर पडली. ती झटकून सुमेधा भराभर पायऱ्या चढू लागली. पुलाच्या बरोबर मधोमध उभं राहिलं तर सगळं नीट दिसेल, असं काका म्हणत होते.