राहिलेली दाढी

मोबाईल खाली ठेवा, मग सांगतो. आणि मध्येच कुणी खिदळायचं नाही.

आमच्या कारखान्यात एक फिटर होता. बंद पडलेलं काहीही चालू करायचा आणि ते चारचौघांत सांगायलाही विसरायचा नाही. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी ब्लेडचं पाकीट आणायला निघालेला हा मला वाटेत भेटला. माळ्यावर वडिलांचं, म्हणजे दादांचं, जुनं रेझर सापडलं होतं. गंज व्हिनेगरने काढला, आटे ब्रशने घासले, तेल सोडलं. दांडा फिरवला की ब्लेड कसं चपखल बसतं ते सांगताना स्वारी खुशीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात त्याचा सत्कार होता, त्याच रेझरने गुळगुळीत होऊन जाणार होता.

मी सहज म्हटलं, "दादा रोज दाढी करायचे, नाही?"

त्याचा चेहरा उतरला. मग खाली मान घालून बोलला. शेवटी शेवटी दादांचे हात थरथरायला लागले होते. गालावरून बोट फिरवून ते खुणेने सांगायचे, दाढी करून दे. हा आज-उद्या करत राहिला. एकदा वैतागून म्हणाला, "आता तुम्हाला कोण बघायला येतंय?" दादांनी पुन्हा खूण केली नाही. कुणी भेटायला आलं की चादर तोंडावर ओढून घ्यायचे. गेले तेही वाढल्या दाढीनेच.

त्या रात्री साडेअकराला, घरातले सगळे झोपल्यावर, त्याने आरशासमोर गालाला फेस लावला. रेझर उचललं. तेवढ्यात दादांच्या खोलीत खाट करकरली.

ती खोली रिकामीच असायची. हा तसाच गेला. एका हातात रेझर, दुसऱ्या हातात पाण्याचा मग, ब्रश मगातच. दिवा लावला.

खाटेवर चादर. उशीवरून वर ओढलेली.

चादरीखाली कुणीतरी होतं.

"भीती नंतर वाटली रे," तो मला म्हणाला. "आधी लाज वाटली."

हातातला पाण्याचा मग स्टुलावर ठेवून तो कसंबसं बोलला, "दादा... चादर काढा. दाढी करून देतो."

तो खाटेजवळ सरकला.

"दादा..."

चादर हलली. आतून आवाज आला. हळू.

"आता... कोण बघायला येतंय?"

रेझर तिथेच टाकून तो पळाला. बाहेरच्या पायरीवर बसला. आत पाणी खळबळत होतं. थांबत होतं. पुन्हा खळबळत होतं... उठून आत जायचा त्याला धीर झाला नाही. "दुसऱ्यांदा टाळलं मी," म्हणाला.

उजाडल्यावर त्याने मला बोलावून घेतलं. याची दाढी तशीच, काळीभोर, गालावर फेस वाळलेला. आत खाट रिकामी होती. मगातल्या पाण्यावर पांढरे खुंट तरंगत होते.

आणि उशीवर रक्ताचा एक ठिपका. ओला.

हात थरथरायचे ना त्यांचे.