अगाशीची कडी

"विश्वंभरकाका, भुताचं सांगा" म्हणता, तर सांगतो. पण मोबाइल खिशात ठेवा. आणि कुणाल, तू उंबऱ्यातून आत ये, तिथे नको बसूस.

प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात माझ्याबरोबर माधव होता. तो आता नाही. त्याच्या मुलाचं, पीयूषचं हे. त्यानं स्वतः मला सांगितलं. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही त्याचा.

गेल्या वर्षीचा दिवासो. म्हणजे आपली आषाढी अमावास्या. पीयूष सुभानपुऱ्यात भाड्यानं राहायचा. खाली घरमालकीण चिमणाबाई एकट्या, वरच्या मजल्यावर पीयूष, त्याची आई कमळाबाई, बायको अवंती आणि तान्ही मुलगी. त्या संध्याकाळी पीयूष स्कूटर काढून डभोईला निघाला. आईनं पाठवलं होतं, तिथल्या भुवाकडून, म्हणजे मांत्रिकाकडून, मंतरलेला दोरा आणायला.

बाळंत झाल्यापासून अवंती झोपत नव्हती. रडणं नाही, ओरडणं नाही. भिंतीकडे बघत बसायची. मुलीला पाजायला दिली की म्हणायची, "ही माझी नाही. माझी वर आहे." वर म्हणजे कुठे, असं विचारलं की पुन्हा भिंतीकडे बघायची.

बाळंतपण केलेल्या डॉक्टरीणबाईंना पीयूषनं दुपारी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "आजच घेऊन या. हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो कधी कधी. औषध आहे त्यावर. पण तिला एकटी सोडू नका."

कमळाबाई ऐकेनात. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलीस तर जन्माचा शिक्का बसेल रे तिच्यावर. आधी दोरा बांधू. उद्या बघू."

पीयूषला तोवर काही वाटेनासंच झालं होतं. राग नाही, भीती नाही. जा म्हटलं, गेला. भिजत परत आला. दोरा बांधताना अवंतीनं हात पुढे केला, बघितलंसुद्धा नाही.

रात्री कमळाबाई तिच्याजवळच आडव्या झाल्या. समोरच्या सोसायटीत बायकांचं दिवासोचं जागरण. भजनं, टाळ्या, वरून पाऊस. त्या आवाजात सगळ्यांचा डोळा लागला.

दीडच्या सुमारास पीयूष जागा झाला. भजनं थांबली होती. अंथरूण रिकामं. पाळणा रिकामा.

घराचं दार उघडं.

तो जिन्याकडे धावला. वरच्या पायरीवर, अगाशीच्या, म्हणजे गच्चीच्या दारापाशी अवंती बसली होती. मुलगी मांडीवर... झोपलेली. श्वास चालू होता. दाराची आतली कडी अवंतीनं काढली होती आणि खांद्यानं दार ढकलत होती. सावकाश. पुन्हा. पुन्हा.

"अवंती..."

"उघडत नाहीये," ती म्हणाली. डब्याचं झाकण उघडत नाही म्हणावं, तसं.

पीयूषनं मुलीला उचलून घेतलं. मग एका हातानं त्यानंही दार ढकललं. का ढकललं, ते त्याला आजही सांगता येत नाही. दार बोटभर हललं... आणि परत बसलं. पलीकडे कोणी पाठ टेकून बसावं, तसं.

"कोण आहे?"

...

पाऊस.

...

"तुझ्याशी नाही बोलत ती," अवंती म्हणाली. "मला म्हणते, तू वर येऊ नकोस. खाली जा."

तो दोघींना घेऊन खाली आला. आईला उठवलं. आई म्हणाली, "उजाडू दे." तो "नाही" म्हणाला. एवढंच. रिक्षा मिळाली तशी अवंतीला घेऊन दवाखाना गाठला.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. इंजेक्शन दिलं, गोळ्या सुरू केल्या. अवंती झोपली. खूप झोपली. हळूहळू निवळत गेली. एक दिवस आपणहून मुलीला जवळ घेऊन "सानवी" म्हणाली. आज बरी आहे. गोळी चालू आहे, डॉक्टर सांगतील तोवर चालू राहील. तिला कुणी झपाटलं नव्हतं, पोरांनो. आजार होता. हे पक्कं लक्षात ठेवा.

पण त्या सकाळचं राहिलं. पीयूष कपडे न्यायला घरी आला, तर चिमणाबाई जिन्यात उभ्या. "टाकी वाहतेय रे, आणि अगाशीचं दार उघडत नाही. पावसानं फुगलंय वाटतं."

पीयूष शेजाऱ्यांच्या गच्चीवरून शिडी लावून पलीकडे उतरला. दार फुगलं नव्हतं. बाहेरची कडी लागली होती. अगाशीच्या बाजूनं.

त्यानं तिथूनच ओरडून सांगितलं. दारामागे चिमणाबाई पायरीवरच टेकल्या. मग म्हणाल्या, "माझी सून... संयोगिता. बाळंतपणानंतर तिचंही असंच झालं होतं. आम्ही दोरेच बांधत बसलो. डॉक्टरला नाही दाखवलं. मग एका रात्री इथूनच, पोराला घेऊन..."



"त्या रात्री हे दार उघडं होतं रे," चिमणाबाई म्हणाल्या.

पीयूषनं कडीला हात घातला. ती नुसती लावलेली नव्हती. साडीचा काठ फाडून त्याची चिंधी तिला घट्ट बांधली होती. गाठीवर गाठ. रात्रभर पाऊस कोसळला होता. दार ओलं, कडी ओली, अगाशीभर पाणी.

चिंधी कोरडी होती.